सीए इन्स्टिट्यूट सरकारी आहे का? तिथे शेवटी कोणाचं चालतं?

तुम्ही विचारलंय की सीएंची इन्स्टिट्यूट सरकारी की खासगी, आणि तिच्यावर नेमका ताबा कोणाचा. मी वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय, तरी हा गोंधळ घरातच आहे. मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांकडच्या एका काकांनी मला विचारलं, "मग तुम्हाला सातवा वेतन आयोग लागू झाला असेल ना?"

नाही झाला. इन्स्टिट्यूट सरकारी खातं नाही, आणि एखादी सोसायटी किंवा क्लबही नाही. ती कायद्याने जन्माला आलीय, पण चालते सभासदांच्या आणि विद्यार्थ्यांच्या फीवर. आणि तिचा कारभार बघणारे बहुतेक जण आम्हीच निवडून दिलेले असतात.

हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, केली ती मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या फर्ममध्ये. सरांच्या केबिनमध्ये त्यांच्या वडिलांचा फोटो होता आणि त्याखाली काचेत पिवळा पडलेला एक कागद: जी.डी.ए. मला वाटलं बी.कॉम.सारखी जुनी काहीतरी डिग्री असेल. सर म्हणाले, "डिग्री कसली, सरकारचा परवाना होता तो."

गोष्ट खरी आहे. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांना ऑडिट बंधनकारक केलं, पण ऑडिटर कोण हे ठरवायची संस्थाच नव्हती. सर्टिफिकेटं प्रांतिक सरकारं वाटत होती. मुंबई सरकारने १९१८ मध्ये जी.डी.ए., म्हणजे अकाउंटन्सीचा सरकारी डिप्लोमा सुरू केला. तो पास व्हायचा, तीन वर्षं आर्टिकलशिप करायची, की देशभर चालणारं सर्टिफिकेट मिळायचं. देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट आर. शिवभोगम् याच वाटेने आल्या. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या या बाईंनी १९३३ मध्ये जी.डी.ए. केलं. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीच्या सरकारने कारभार आपल्या हातात घेऊन अकाउंटंटांचं रजिस्टर उघडलं होतं आणि सल्ल्यापुरतं एक इंडियन अकाउंटन्सी बोर्ड नेमलं होतं. त्या रजिस्टरवर नाव असलेला तो रजिस्टर्ड अकाउंटंट, आर.ए. जुन्या फर्मच्या पिवळ्या कागदांवर अजून ही अक्षरं दिसतात.

म्हणजे १९४९ पर्यंत आमचा धंदा सरकारच्या कृपेवर. आमचा कारभार आम्हाला करू द्या, ही त्या पिढीची मागणी होती. १९४८ मध्ये तज्ज्ञ समिती बसली, पुढच्या वर्षी चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट आला आणि १ जुलै १९४९ ला इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपली राज्यघटना लागू व्हायच्या जवळजवळ सात महिने आधी! पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कपाडिया. गंमत अशी की 'चार्टर' म्हणजे राजाची सनद. एडिनबर्गच्या अकाउंटंटांना १८५४ मध्ये ती मिळाली होती. आमच्याकडे सनद नाहीच, आहे तो कायदा. नाव मात्र तेच घेतलं.

आता कारभार. वर एक कौन्सिल असतं, त्यात जास्तीत जास्त ३२ निवडून आलेले आणि ८ पर्यंत केंद्र सरकारने नेमलेले. २००६ च्या दुरुस्तीआधी हे आकडे २४ आणि ६ होते. मुदत तीन वर्षं असायची, आता चार झालीय. मत सगळे सभासद देतात, पण उभं राहायला फेलो, म्हणजे वरच्या श्रेणीचा सभासद, असावं लागतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष कौन्सिल आपल्यातून निवडतं, तेही फक्त एका वर्षासाठी. खाली पाच रीजनल कौन्सिलं आहेत, आपलं महाराष्ट्र-गोवा-गुजरातचं मुंबईला. त्याखाली गावोगावच्या ब्रँचा.

निवडणूक बघण्यासारखी असते. डिसेंबरात मतदान, पण दिवाळीपासूनच व्हॉट्सॲपवर अनोळखी सीए शुभेच्छा पाठवायला लागतात. बूथवर शिक्का नसतो. नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे, आणि मतमोजणीत मतं एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात. राज्यसभेसारखंच. मागच्या खेपेला माझ्यापुढे एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ होते. त्यांनी बॉलपेनने शांतपणे अकरापर्यंत आकडे लिहिले. मी तीनवर थांबलो.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा पुढे आहे: सीएने चूक केली तर न्याय कोण करणार? इतकी वर्षं उत्तर होतं, दुसरे सीए. पूर्वी कौन्सिल दोषी ठरवायचं आणि गंभीर प्रकरणं शिक्षेसाठी हायकोर्टात जायची, त्यात किती वर्षं जातील याचा नेम नसायचा. २००६ नंतर शिस्तपालन समिती स्वतःच शिक्षा देऊ लागली. पाच जणांच्या या समितीत दोन सरकारने नेमलेले. मग २००९ मध्ये सत्यम कंपनीचा हिशेबांचा घोटाळा उघड झाला, आणि आपल्या माणसांचा न्याय आपणच करतो या व्यवस्थेवरचा लोकांचा विश्वास उडाला. २०१३ च्या कंपनी कायद्यात एनएफआरए (नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग अथॉरिटी) या स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली आणि १ ऑक्टोबर २०१८ ला ते स्थापन झालं. लिस्टेड आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरची चौकशी आता ते करतं, आणि त्यांनी हात घातला की त्या प्रकरणात इन्स्टिट्यूटला काही करता येत नाही. इन्स्टिट्यूटचा याला विरोध होता. २०२२ च्या दुरुस्तीने तर शिस्तपालन समितीतही अध्यक्ष सीए नको आणि बहुमत बाहेरच्यांचं, असं ठरवलं.

बिरादरीत याला स्वायत्ततेवरचा घाला म्हणतात. मला तसं वाटत नाही. वकील, डॉक्टर, आम्ही, सगळेच आपल्या माणसाला सांभाळून घेतो. हे मी एकदा ब्रँचच्या ग्रुपवर लिहिलं, तर दोन दिवस माझ्या गुड मॉर्निंगलासुद्धा कोणी उत्तर दिलं नाही.

पण इन्स्टिट्यूट स्वतःहून काही करतच नाही, असंही नाही. काही वर्षांपूर्वी एका बँकेतून फोन आला, "साहेब, हे नेटवर्थ सर्टिफिकेट तुमचंच ना?" फोटो मागवला. शिक्का माझा, मेंबरशिप नंबर माझा, सही भलत्याचीच. तेव्हा मला ते खोटं आहे हे फक्त शपथेवर सांगता येत होतं. २०१९ पासून इन्स्टिट्यूटने यूडीआयएन सक्तीचं केलं. प्रत्येक सर्टिफिकेटला १८ अक्षरी नंबर, त्यात सालाचे दोन आकडे, पुढे सहा आकडी मेंबरशिप नंबर. तुमच्या हातात एखाद्या सीएचं सर्टिफिकेट असेल आणि म्हणून हा प्रश्न पडला असेल, तर तो नंबर यूडीआयएनच्या पोर्टलवर टाकून बघा. आणि तक्रारच करायची असेल तर ब्रँचमध्ये जाऊ नका, तिथे फक्त चहा मिळेल. थेट इन्स्टिट्यूटच्या डिसिप्लिनरी डायरेक्टोरेटकडे द्या.