पन्हाळ्याची सहल झाली, पुढं काय?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. 'अनुभवातून शिक्षण' म्हणून ट्रेनरनं तीस जणांना पन्हाळ्यावर नेलं. रस्सीखेच, डोळे बांधून चालणं, सगळं झालं. सोमवारी शॉपमध्ये रिजेक्शन (नापास माल) मात्र होतं तेवढंच. पैसे वाया गेले का?

झुणका-भाकर पोटात गेली, तेवढे तरी वसूल. प्रशिक्षण मात्र झालं नाही. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं, त्यात चार टप्पे आहेत : करून बघणं, काय झालं ते न्याहाळणं, त्यातून नियम काढणं आणि तो पुढच्या कामात लावून बघणं. तुमचा पहिला टप्पा झाला, तोही साच्याशी संबंध नसलेला. बाकीचे तीन परतीच्या गाडीत झोपेत गेले.

त्यापेक्षा गेल्या आठवड्यातली ब्लोहोल (वायूची भोकं) पडलेली पाच कास्टिंग (ओतलेले भाग) बाजूला ठेवा. शिफ्टच्या आधी वीस मिनिटं ती टेबलावर मांडा. मोल्डर (साचा करणारा), कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) करणारा, ओतणारा, तिघंही हवेत. 'चूक कुणाची' हा प्रश्न निघाला की सगळ्यांची तोंडं शिवली जातात, म्हणून तो काढूच नका. विचारा : भोकं नेमकी कुठं आहेत? वरच्या अंगाला की कोअरच्या कडेला? त्या दिवशी वेगळं काय होतं? वाळूत ओल जास्त होती, कोअर नीट सुकला नव्हता, व्हेंट (वायू जायची छिद्रं) बुजले होते, हे तीच माणसं सांगतील. सुपरवायझरला उत्तर माहीत असलं तरी त्यानं जीभ आवरायची. मी पाहिलंय, सगळ्यात अवघड हेच जातं. मग एकच गोष्ट बदलून पाच साचे ओता. दोन एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल, तीच माणसं.

प्रश्न : आमचे जुने मिस्त्री वाळू मुठीत दाबून सांगतात, चालेल की नाही. नव्या पोरांना मात्र 'बघून शिक' एवढंच. मुद्दाम लपवतात का?

काही लपवत असतीलही. बहुतेकांच्या हाताला जे कळतं ते तोंडाला सांगता येत नाही. त्यांना फळ्यासमोर उभं करू नका, घाम फुटेल. तीन घमेली वाळू ठेवा : कोरडी, बेताची, ओली. पोरानं मूठ दाबायची, ढेकूळ मोडायचं आणि आधी स्वतःचा अंदाज बोलायचा. मग मिस्त्रींनी बोलायचं आणि शेवटी मॉइश्चर मीटर लावायचा. कड स्वच्छ मोडली, भुगा झाला, हाताला चिकटली, असे शब्द मिस्त्रींच्या तोंडून तिथं आपोआप निघतात. ते लिहून घ्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागली, तेव्हा चार पायऱ्यांची पद्धत रुळली : माणसाची तयारी करा, करून दाखवा, करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. आपल्या तालमीत वस्ताद वेगळं काय करतात? डाव दाखवतात, जोड लावतात आणि पठ्ठ्याची पकड चुकली की लढत थांबवून तिथल्या तिथं हात धरून दुरुस्त करतात. तुमच्या शॉपमध्ये थांबवायला कुणाला सवड नसते, गाडं तिथंच अडतं.

प्रश्न : ट्रेनर म्हणतात, वाचलेलं १० टक्के आणि केलेलं ९० टक्के लक्षात राहतं. खरं का?

नाही. या आकड्यांना आधार नाही. ते एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात, पण त्यांनी १९४६ साली मांडलेल्या 'अनुभवाच्या शंकू'त टक्केवारीच नव्हती. कोटेशनमध्ये हा तक्ता दिसला तर भाव करायला हरकत नाही.

प्रश्न : चुकल्याशिवाय माणूस शिकत नाही, असं आमचे मालक म्हणतात. मग नव्या पोराला थेट ओतायला लावावं का?

मालकांना आधी उभं करा. चुकू द्यायचं ते जिथं फक्त माल वाया जातो तिथं. फर्नेसजवळ चूक म्हणजे अंगावर लोखंड. सराव थंड लॅडलवर (लोखंड ओतायच्या भांड्यावर) घ्या : चालायची वाट, थांबायची जागा, इशारे, सगळं पूर्ण पोशाखात. वजनासाठी कोरडी वाळू भरा. पाणी भरून सराव केलेला मी एका ठिकाणी पाहिला आणि पोटात गोळा आला. लॅडलच्या आतलं अस्तर ओलं राहिलं तर नंतर त्यात ओतलेलं लोखंड उसळून बाहेर येतं.