विक्शनरीत मराठी शब्दाखाली पुस्तकातलं अवतरण कसं द्यायचं? जुनं शुद्धलेखन सुधारायचं का?

तुम्हाला इंग्रजी विक्शनरीतल्या (कुणीही भर घालू शकेल असा नेटवरचा शब्दकोश) मराठी नोंदींमधे कविता-कादंबऱ्यांतल्या ओळी टाकायच्यात, तर आधी शुद्धलेखनाचं सांगतो कारण बाकी सगळं नंतर कुणीही दुरुस्त करू शकतं, हे नाही. जुनं शुद्धलेखन सुधारू नका, अजिबात नका.

केशवसुतांची 'तुतारी' घ्या, १८९३ ची. आज आपण 'फुंकिन मी जी स्वप्राणाने' असं लिहितो, जुन्या छपाईत 'स्वप्राणानें' असतं, पुढे 'गगनें', 'किंकाळीनें'. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, पण कवी लिहीत होता तेव्हा ते होते, आणि शब्दकोशात अवतरण देतो ते तो शब्द त्या काळी कसा वापरला गेला याचा पुरावा म्हणूनच ना? मग हातातल्या प्रतीत जसं छापलंय तसं उतरवा आणि तीच प्रत नोंदवा. नव्या आवृत्तीत टिंबं काढलेली असतील तर तसंच घ्या, फक्त आवृत्तीचं साल लिहा म्हणजे टिंबं कुठे गेली ते कळतं.

सालाचा घोळ इथेच होतो. केशवसुत १९०५ ला गेले आणि कवितांचा संग्रह त्यांच्या पश्चात निघाला, त्यामुळे नुसतं संग्रहाचं साल टाकलं तर ते चुकीचं दिसतं. सुरुवातीला ठळक अक्षरात मूळ साल, मग कवी, कवितेचं नाव, पुस्तक, आवृत्ती, पान. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा यातली तारीख असेल तर ७९.

आता मांडणी. अवतरण अर्थाच्या लगेच खाली येतं, ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि चांदणी, म्हणजे #* (हॅश आणि कोलन, म्हणजे #:, आपण स्वतः रचलेल्या उदाहरणाला, हे दोन मिसळू नका), आणि पुस्तकांसाठी 'कोट-बुक' (quote-book) नावाचा साचा, म्हणजे तयार नमुना, आहे त्यात साल, लेखक, उतारा, भाषांतर सगळ्याला वेगळे रकाने आहेत. ज्या शब्दाची नोंद आहे तेवढाच उताऱ्यात ठळक करा. देवनागरी तिरपी करू नका, इंग्रजीला इटॅलिक शोभतं, आपली अक्षरं वाचवत नाहीत. कवितेत ओळ जिथे तुटते तिथेच तोडा.

किती उतरवायचं, याला माझं उत्तर असं की शब्दाचा अर्थ दिसेल इतकं. 'तुतारी' या नोंदीसाठी 'एक तुतारी द्या मज आणुनि' एवढं पुरत नाही, ती काय वस्तू आहे कळतच नाही, पुढची 'फुंकिन' ची ओळ घेतली की ती फुंकायची असते हे अवतरणच सांगतं. आणि याच कवितेतली 'किंकाळी' माणसाची नाही, तुतारीची आहे, म्हणून ती भीतीने फोडलेल्या किंकाळीच्या अर्थाखाली टाकू नका, लाक्षणिक अर्थाची वेगळी ओळ करून तिथे टाका. मला सगळ्यात जास्त वेळ यातच लागतो आणि तो लागू द्यावा.

ज्ञानेश्वरीला पान नंबर देऊन उपयोग नाही, अध्याय आणि ओवी द्या. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात तसंच आहे, 'ज्ञा' लिहून पुढे दोन आकडे. पण ओव्यांचे आकडे आवृत्तीप्रमाणे थोडे सरकतात म्हणून प्रत इथेही सांगावी लागते. शिवाय ती भाषा विक्शनरीत जुनी मराठी म्हणून वेगळी धरतात, आजच्या मराठीच्या नोंदीत ती ओवी घालू नका.

भाषांतर स्वतः करा आणि साधं ठेवा, छापील अनुवादातून उचलू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे अलीकडच्या लेखकाचं एखाद-दुसरं वाक्यच घ्या.

आणि नेटवरच्या कवितांच्या पानांवरून ओळी कॉपी करू नका. मी सुरुवातीला केल्या होत्या, नंतर लायब्ररीत छापील प्रत उघडली तर कुठे शब्द बदललेला, कुठे ऱ्हस्व-दीर्घ उलटं, एकेक नोंद परत उघडून दुरुस्त करावी लागली.