अठरा लाखांचा बैल

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडलांचा एक प्रश्न हल्ली जवळजवळ ठरलेलाच असतो, की मॅडम, पोरगं मोबाईलवर मारामारीचे गेम खेळतं, हरलं की वेड्यासारखं करतं, जिंकलं की समोरच्याला मारून हसतं, उद्या हा कसला माणूस होणार? तर त्यावर एक केस सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा अकरावी सायन्सचा, निफाडकडचा, घरची द्राक्षबाग. आईवडील दोघंही सोबत आलेले. निमित्त काय तर रात्री साडेबाराला तो जोरात ओरडला, मोबाईल भिंतीवर मारला, आणि मग दोन दिवस धड जेवला नाही. वडील बसल्या बसल्याच म्हणाले, "मॅडम, पोरगं हातातनं चाललंय. ते तलवारी घेऊन माणसं मारायचं काहीतरी आहे, तेवढं बंद करा फक्त." आईचं वेगळंच होतं. ती म्हणे ओरडला ते ठीक आहे हो, पण त्यानंतरच्या आठवड्यात कानाला हेडफोन लावून मित्रांशी बोलताना "रड आता, रड" म्हणून हसत होता, ते मला जास्त लागलं.

पहिल्या भेटीत मी माती खाल्ली हे कबूल करते. रोज किती तास खेळतोस, अभ्यास कधी करतोस, झोप किती, असे नेहमीचे प्रश्न लावले आणि पोरगं मोबाईलच्या तडा गेलेल्या काचेवर नख घासत "हो", "नाही", "माहीत नाही" एवढ्यावरच बसलं. चाळीस मिनिटं वाया. दुसऱ्या वेळी मी एकच विचारलं, त्या रात्री नेमकं गेलं काय?

मग जो सुटला तो थांबेचना.

गेम होता अल्बियन ऑनलाइन. बर्लिनच्या कंपनीने 2017 मध्ये आणलेला, 2021 पासून मोबाईलवरही मिळतो, म्हणून खेड्यापाड्यातली पोरंसुद्धा खेळतात. यात तलवार, चिलखत, घोडा, जवळपास सगळं खेळणाऱ्यांनीच बनवलेलं असतं, म्हणजे आधी लाकूड तोडा, खनिज खणा, कातडी जमवा, मग वस्तू बनवा, मग बाजारात विका. आणि नकाशाचे रंग असतात. निळ्या भागात कुणी तुम्हाला हात लावू शकत नाही, पिवळ्यात पाडू शकतात पण सामान तुमच्याकडेच राहतं, लाल आणि काळ्या भागात मात्र मेलात की अंगावरचं, पिशवीतलं सगळं जातं. त्यातलं काही जागेवरच नष्ट होतं आणि उरलेलं मारणारा घेऊन जातो. याला ती पोरं 'फुल लूट' म्हणतात. मधोमध कार्लिऑन नावाचं शहर आहे, तिथे मालाला भाव चांगला मिळतो, पण माल घेऊन जायचं तर वाटेत लाल भाग. आणि माल वाहायला बैल, ओझं भरपूर नेतो पण चालतो हळू. हे सगळं तो मला टेबलावर पेन, स्टेपलर आणि माझा चष्मा मांडून समजावत होता. चष्मा म्हणजे कार्लिऑन.

तर या पोराने सहा आठवडे माल जमवला. गेममधल्या चांदीच्या हिशोबात अठरा लाखांचा. त्याच्या गिल्डमधला, म्हणजे टोळीतलाच एक जण म्हणाला, मी पुढे जाऊन रस्ता बघतो, तू मागून ये. तो पुढे गेला, "क्लिअर आहे, ये" म्हणाला आणि हा बैल घेऊन लाल भागात शिरला तर झाडामागे चौघं उभे. रस्ता दाखवणाराच, म्हणजे त्यांच्या भाषेत स्काउटच, त्यांना मिळालेला. बैल पळेपर्यंत खेळ खल्लास. वर या गेममध्ये कोण मेला आणि त्याचं काय काय गेलं हे सगळ्यांना बघता येतं, त्यामुळे पूर्ण गिल्डला कळलं की हा अठरा लाख बुडवून आला.

तिसऱ्या भेटीला मी वडलांना आत बसवलं आणि पोराला म्हटलं, मला सांगितलंस तसंच सांग. सांगून झाल्यावर वडील म्हणाले, "पण ते खोटंच ना मॅडम, कार्टूनमधलं." यावर आई पटकन बोलून गेली, "तुम्ही तरी त्या वर्षी आठ दिवस कुठे जेवला होतात?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे चोख दिले, तिसऱ्या गाडीला चेक दिला, चेक बाउन्स झाला आणि फोन स्विच ऑफ. आमच्या भागात ही गोष्ट नवीन नाही. वडील खाली बघत राहिले. पोरगं हळूच म्हणालं, "पप्पा, तुम्हाला पण गाडी भरून दिल्यावरच कळलं ना."

आता दोन्ही सारखं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, एकीकडे सोसायटीचं कर्ज होतं आणि दुसरीकडे स्क्रीनवरची चांदी. पण मेहनत गेली, विश्वासातल्या माणसाने घात केला आणि चारचौघांत तोंड दाखवायला लाज वाटली, हे तिन्ही खरंच होतं, आणि सोळाव्या वर्षी तर चारचौघांचंच जास्त असतं. ओरडला तो यामुळे. तलवारीचा त्यात संबंध जवळपास नव्हता. आणि नेमक्या त्या वेळी घरातून ऐकायला काय मिळालं, तर "खोटं खोटं आहे, झोप."

व्यसनाचं म्हणाल तर तेही तपासलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यासाठी खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, असं साधारण 12 महिने दिसावं लागतं. हा क्लास करत होता, सकाळी बागेत मदत करत होता, क्रिकेटला जात होता. लेबल लावायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे शाळाच सुटलीय, जेवण खोलीत जातंय, त्यांनी मात्र हे वाचून निवांत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आईचा प्रश्न जास्त अवघड होता, ते हसण्याचं.

झालं असं की लुटला गेल्यावर हा स्वतःच दोन मित्रांना घेऊन लाल भागात दबा धरून बसायला लागला. मी विचारलं, हे वाईट वाटतं का तुला? म्हणाला, नाही, तिथे येणाऱ्याला माहीत असतं. हे मला पटलं. कबड्डीत पकड केली म्हणून कोणी दुष्ट होत नाही. पण कोणाला मारू द्यायचं आणि कुठे, हा प्रश्न या खेळांना सुरुवातीपासून छळतोय. 1997 च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये शहराबाहेर पडलं की कोणीही कोणाला मारायचं, नवीन माणसं कंटाळून सोडून जायला लागली, शेवटी 2000 मध्ये त्यांनी जगाच्याच दोन प्रती केल्या, एकीत मारामारी चालते, दुसरीत मर्जीशिवाय नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनाही माणसाच्या चांगुलपणावर सोडून चाललं नाही, कुंपण घालावंच लागलं!

म्हणून मारण्यावर मी वेळच घालवला नाही. विचारलं, तुला त्या रात्री सगळ्यात जास्त काय लागलं? त्याने बराच विचार केला. "मेलो त्याचं काही नाही मॅडम. तो स्काउट चॅटमध्ये हसण्याच्या इमोजी टाकून गेला."

"आणि तू आता काय टाकतोस?"

नख परत काचेवर. खर्र, खर्र. उत्तर आलं नाही, मीही मागितलं नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये लिहून ठेवलंय की समोरचा दिसत नाही, आपलं नाव कळत नाही, तेव्हा माणसाच्या जिभेचा ब्रेक सुटतो, पण ते लेक्चर मी त्या पोराला दिलं नाही, आईला नंतर समजावून सांगितलं. मुलगा क्रूर नाहीये, दुखावलाय आणि दुसऱ्यावर काढतोय, त्यावर काम करता येतं.

घरासाठी नियम पोरानेच बनवले. या खेळात मध्येच पॉज करता येत नाही, तेव्हा "आई, पाच मिनिटं" हे बऱ्याचदा खरंच असतं, भर मारामारीत वायफाय बंद केलं तर भांडण होणारच. म्हणून ठरलं की साडेदहानंतर गेममधल्या शहराबाहेर पडायचंच नाही, शहरात कोणी मारत नाही, तिथे बाजार करा नाहीतर बंद करा. दुसरं, जेवढं गेलं तरी झोप लागेल तेवढंच बैलावर लादायचं, हे मुरलेले खेळाडू नवख्यांना सांगतातच. तिसरं चॅटबद्दल: मारायचं, लुटायचं, लिहायचं काही नाही. मोबाईलची काच बदलायचे पैसे त्याच्या पॉकेटमनीतून, हे वडलांचं, आणि मला बरोबर वाटलं.

तिसरा नियम दोनदा मोडलाय, त्याने स्वतःच येऊन सांगितलं. गिल्ड बदललीय. वडील अजून त्याला टाइमपासच म्हणतात.

परवा आईचा व्हॉट्सॲप आला, "मॅडम काल परत ओरडला. ह्यांनी आतून विचारलं किती गेलं रे, तर म्हणे दोन लाख. मग ह्यांनी विचारलं, गाडीबरोबर कोण होतं. अर्धा तास दोघं बोलत बसले, मी झोपले."