लॅपटॉपवर ठरावीक वेबसाइटच हळू उघडत असतील तर फॉरमॅट मारावा का?

तुम्ही लिहिलंय की यूट्यूब, गुगल झटक्यात उघडतं, पण बँकेची आणि दोन-तीन सरकारी साइट लॅपटॉपवर मिनिट मिनिट खातात. मोबाइलवर त्याच साइट नीट चालतात. दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारा. मारू का?

नका मारू. आज तर अजिबात नका.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, सांगलीत एका सीएंकडे हिशेबाचं काम करते. पण हाच प्रकार २०२१ मध्ये आमच्या घरी झाला आणि त्यात आबांच्या द्राक्षबागेच्या दोन हंगामांच्या नोंदी गेल्या. त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. आबा वर्षानुवर्षं बागेची वही हातानं लिहायचे. खरड छाटणी कधी, फळछाटणी कधी, कुठल्या प्लॉटला डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) कधी, कुठलं औषध किती पाण्यात किती, पाऊस किती मिलिमीटर. २०१९ मध्ये मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला आणि एक्सेलमध्ये रकाने आखून दिले. एका बोटानं टाइप करत त्यांनी दोन हंगाम रोज संध्याकाळी नोंद केली. एक दिवस चुकवला नाही. वही बंद झाली होती, सगळं लॅपटॉपवर.

सप्टेंबर २०२१ मध्ये विजा झाल्या आणि राउटर जळला. केबलवाल्यानं दुसऱ्या दिवशी नवीन बसवून दिला. त्यानंतर बँकेची साइट उघडेना. आबा फोनवर म्हणाले, "पोरी, नुसतं चाक फिरतंय बघ."

तेवढ्यात दादा पुण्याहून आला. घरात कॉम्प्युटरचं शेवटचं मत त्याचं. त्यानं स्पीड टेस्ट लावली, ३८ एमबीपीएस आलं. यूट्यूब चालवून बघितलं, चाललं. आबांच्या मोबाइलवर बँकेची साइट उघडली, उघडली. मग निकाल दिला, "नेट ठणठणीत आहे, लॅपटॉप गेलाय, फॉरमॅट मारतो." मी म्हटलं, "दादा, लॅपटॉप खराब असेल तर यूट्यूब कसं चालतंय?" तर म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतंय? तू तुझं टॅली बघ."

त्यानं डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे दोन फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले आणि फॉरमॅट मारला. आबांची फाइल डेस्कटॉपवर होती. त्यांना डबल क्लिक करायचं एवढंच ठाऊक, म्हणून मीच ती तिथं ठेवली होती. दुपारभर विंडोज चढलं, संध्याकाळी दादानं बँकेची साइट उघडली आणि तेच चाक पुन्हा फिरायला लागलं. आबा काही बोलले नाहीत. उठून बागेत गेले.

पुढच्या रविवारी मी एवढंच केलं की आबांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला. बँकेची साइट दोन-तीन सेकंदांत उघडली. मग उलटं करून बघितलं. फोनचा डेटा बंद केला, फोन घरच्या वायफायला जोडला, आणि फोनवरही तेच चाक! आबा दिवसभर बागेत, म्हणून त्यांचं वायफाय कायम बंद असायचं. "मोबाइलवर चालतंय" ते मोबाइल डेटावर चालत होतं. लॅपटॉपचा काडीचा दोष नव्हता.

तुमचा मोबाइल कशावर चालतोय हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते बघा. बाकी सगळं त्यानंतर.

आमच्याकडे रोग काय होता ते सांगते, कारण तो बऱ्याच ब्रॉडबँड घरांत असतो आणि कुणी नीट सांगत नाही. इंटरनेटवरची माहिती गठ्ठ्यांनी येते आणि लॅपटॉप धरून चालतो की १५०० बाइटांपर्यंतचा गठ्ठा येऊ शकतो. पण युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी होते ना, त्या पीपीपीओई पद्धतीत प्रत्येक गठ्ठ्यावर ८ बाइटांचं वेष्टन चढतं. उरतात १४९२. समोरच्या सर्व्हरनं भरून १५०० चा गठ्ठा पाठवला आणि त्यावर "तुकडे करू नका" असा शिक्का असला, तर तो मध्येच टाकून दिला जातो आणि सर्व्हरला उलट निरोप जातो की लहान गठ्ठे पाठव. हा निरोप ऐकून गठ्ठा लहान करायची पद्धत १९९० पासून ठरलेली आहे. तरी काही साइटवाले सुरक्षेच्या नावाखाली असले सगळेच निरोप फायरवॉलवर, म्हणजे नेटच्या चौकीवर, अडवतात. माझ्या मते हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. सर्व्हरला काही कळतच नाही, तो तोच मोठा गठ्ठा पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. काही सर्व्हर बऱ्याच वेळानं आपणहून गठ्ठा लहान करून बघतात, म्हणून साइट बंद न पडता रखडत रखडत उघडते.

चांगला राउटर बोलणं सुरू होतानाच दोन्हीकडे सांगून ठेवतो की १४५२ बाइटांपेक्षा जास्त मजकूर एका गठ्ठ्यात भरू नका (१४९२ मधले ४० बाइट पत्त्याबित्त्यात जातात). याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. आमच्या नव्या राउटरमध्ये तेच बंद होतं. आणि यूट्यूब का चालत होतं? क्रोममधून गुगलच्या साइटशी बोलणं बहुतेक वेळा क्विक नावाच्या पद्धतीनं होतं आणि तिचे गठ्ठे १२०० बाइटांच्या आसपास सुरू होतात. ते सहज निघून जातात. स्पीड टेस्टच्या सर्व्हरचंही काही अडत नव्हतं. म्हणजे दादानं जे दोन पुरावे मांडले, ते दोन्ही या रोगात काहीच सांगत नाहीत.

ओळखायची खूण अशी की साइट उघडताना क्रोमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात "इस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन" अशी ओळ येऊन तिथंच अडकते. ओळख पटवायचे पहिले निरोप लहान असतात, ते जातात. सर्टिफिकेटचा मोठा गठ्ठा आला की गाडी थांबते.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग करा, पुढे वजा एफ, वजा एल १४७२ आणि पत्ता १.१.१.१ (टाइप अर्थात इंग्रजीत करायचं: ping -f -l 1472 1.1.1.1). तुकडे करावे लागतील असं उत्तर आलं तर १४६४ टाकून बघा. १४६४ जातं आणि १४७२ जात नाही, म्हणजे तुमचा रस्ता १४९२ चा आहे, कारण पिंगचे स्वतःचे २८ बाइट धरावे लागतात. एवढ्यानं दोष सिद्ध होत नाही, पीपीपीओई असलेल्या जवळजवळ कुठल्याही घरी हेच येईल. पण हॉटस्पॉटवर साइट पळत असेल आणि सोबत हे उत्तर येत असेल, तर मी पैज लावायला तयार आहे.

मी ॲडमिन म्हणून विंडोजच्या नेटएसएच कमांडनं लॅपटॉपच्या वायफायचा एमटीयू, म्हणजे एका गठ्ठ्याची कमाल मर्यादा, १४९२ केला आणि बँकेची साइट त्याच मिनिटाला उघडली. नंतर केबलवाल्याच्या मागे लागून राउटरमध्येच क्लॅम्पिंग चालू करून घेतलं. खरा उपाय तोच, म्हणजे घरातली सगळीच यंत्रं सुटतात. तो आधी "नेट चालू आहे ना मॅडम?" एवढंच म्हणत होता. फोन वायफायवर लावून चाक दाखवलं तेव्हा ऐकलं.

आता, तुमचा मोबाइल त्याच वायफायवर असूनही साइट पळत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मग गडबड लॅपटॉपमध्येच आहे. अँटीव्हायरसचं एचटीटीपीएस स्कॅनिंग (सुरक्षित साइटची मधेच तपासणी) थोडा वेळ बंद करून बघा, इन्कॉग्निटोमध्ये उघडून एक्स्टेन्शनचा संशय काढा, कुणी हातानं टाकलेला डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता शोधणारा सर्व्हर) किंवा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आहे का बघा, घड्याळाची तारीख तपासा. व्हायरस खोल शिरला असेल तर फॉरमॅट लागतोही, ते मी नाकारत नाही. पण मारणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारा, की त्रास सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात घरात काय बदललं? दादानं तो विचारला असता तर आबांनी लगेच सांगितलं असतं, राउटर बदलला.

ते दोन हंगाम परत मिळाले नाहीत. औषधांच्या दुकानाच्या बिलांवरून फवारण्यांच्या काही तारखा मी जुळवल्या, पावसाचे आकडे गेले ते गेलेच. दादा आजही म्हणतो, "तो लॅपटॉप तसाही जुनाच होता." तोच लॅपटॉप आबा अजून वापरतात, फाइल आता दर रविवारी माझ्याकडे येते.

तुम्हाला फॉरमॅट मारायचाच असेल तर आधी डेस्कटॉपवरचं सगळं कॉपी करून घ्या. आणि हॉटस्पॉटवर काय झालं, १४७२ ला काय उत्तर आलं, ते खाली लिहा. मी बघते.