वाचकांचे प्रश्न : अणुवीज वाढवायची, पण कोणत्या हिशेबाने?

गेल्या अंकातील ऊर्जाविषयक लेखात दुबईच्या हवामान परिषदेचा उल्लेख होता. डिसेंबर 2023 मध्ये तेथे वीसहून अधिक देशांनी जगाची अणुवीजनिर्मितीची क्षमता 2050 पर्यंत 2020 च्या तिप्पट करण्याचा संकल्प जाहीर केला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : अणुभट्टी म्हणजे सावकाश फुटणारा अणुबॉम्बच, असे आमचे एक स्नेही ठामपणे सांगतात. यात तथ्य किती?

बॉम्बच्या बाबतीत मुळीच नाही. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये सहज विखंडन होणारे (म्हणजे ज्याच्या अणूचे केंद्रक फुटून ऊर्जा बाहेर पडते असे) युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असते. बहुतेक अणुभट्ट्यांच्या इंधनात ते 3 ते 5 टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते, तर बॉम्बसाठी ते 90 टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. अणुभट्टीतल्या इंधनाचा अण्वस्त्रासारखा स्फोट होऊच शकत नाही.

तरीही आपल्या स्नेह्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये. धोका आहे, फक्त त्यांनी त्याचे नाव चुकीचे घेतले आहे. खरा धोका उष्णतेचा आहे. कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टी तशी विझत नाही. नियंत्रक दांडे आत सोडून साखळी अभिक्रिया थांबवली, तरी विखंडनातून निर्माण झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय चालूच राहतो, आणि त्यातून सुरुवातीला पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तर दिवसभरानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उष्णता बाहेर पडत असते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण 3000 मेगावॉट उष्णता निर्माण करणाऱ्या भट्टीत तो 15 मेगावॉट होतो, आणि ही उष्णता पाण्याने अखंड वाहून नेली नाही तर इंधन वितळते. 11 मार्च 2011 रोजी फुकुशिमा येथे हेच घडले. भूकंप होताच चालू भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या. परंतु त्यानंतर आलेल्या त्सुनामीच्या पाण्यात आणीबाणीची डिझेल जनित्रे निकामी झाली, थंडावा देणारी यंत्रणा थांबली आणि तीन भट्ट्यांमधील इंधन वितळले. इमारती उडाल्या त्या साचलेल्या हायड्रोजनमुळे. 1986 च्या चेर्नोबिलची गोष्ट निराळी होती. त्या भट्टीच्या रचनेतच असा दोष होता की कमी शक्तीवर चालताना पाण्याची वाफ वाढली की अभिक्रिया मंदावण्याऐवजी अधिक भडकत असे. शिवाय आज बहुतेक ठिकाणी भट्टीभोवती जे भक्कम संरक्षक कवच असते, तसे तेथे नव्हते.

प्रश्न : या दोन अपघातांतील मृतांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात. कोणते खरे मानावेत?

आकडे वेगळे दिसतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. चेर्नोबिलमध्ये पहिल्या काही महिन्यांत सुमारे 30 कर्मचारी आणि अग्निशामक दलाचे जवान मरण पावले, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या काही दशकांतील कर्करोगाच्या मृत्यूंचा. जागतिक आरोग्य संघटनेसह अनेक संस्थांनी 2005 मध्ये सर्वाधिक किरणोत्सार सोसलेल्या लोकांमध्ये अखेरीस सुमारे 4000 पर्यंत मृत्यू संभवतात, असा अंदाज मांडला होता. अत्यल्प किरणोत्साराचाही परिणाम खंडभर पसरलेल्या लोकसंख्येला लावून हिशेब केला की आकडा कितीतरी वाढतो, आणि तो परिणाम प्रत्यक्ष वेगळा काढून दाखवणे जवळपास अशक्य असते.

फुकुशिमाचा धडा मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. तेथे दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. घाईघाईच्या स्थलांतरात आणि नंतरच्या हालअपेष्टांत दोन हजारांहून अधिक लोक दगावले, त्यांत वृद्ध आणि रुग्ण प्रामुख्याने होते. ही संख्या किरणोत्सारामुळे झालेल्या मृत्यूंपेक्षा कितीतरी मोठी आहे. कोळशाच्या धुरामुळे दरवर्षी अकाली मरणाऱ्यांची बातमी होत नाही, हेही याच हिशेबात धरले पाहिजे. मात्र त्या मृत्यूंमुळे एखादे गाव कायमचे ओस पडत नाही, ही विरोधकांची बाजूही तितकीच खरी आहे.

प्रश्न : हजारो वर्षे टिकणाऱ्या कचऱ्याचे काय? त्यावर उत्तर नसताना विस्ताराची भाषा कशी करता येईल?

उत्तर अजिबात नाही, असे म्हणणे आता बरोबर ठरणार नाही. ते फार थोड्यांनी अमलात आणले आहे, असे म्हणावे लागेल. साधारण 1000 मेगावॉटच्या एका अणुभट्टीतून वर्षाला वीस-तीस टन वापरलेले इंधन निघते. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र वर्षाला लाखो टन राख आणि त्याहून कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. म्हणजे अणुकचऱ्याची अडचण ढिगाच्या आकारामुळे निर्माण होत नाही. त्यातील प्लुटोनियम-239 चे अर्धायुष्य, म्हणजे क्षय होऊन ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे 24,000 वर्षे आहे, आणि इतका काळ टिकलेली एकही मानवी संस्था आपल्याला ठाऊक नाही.

म्हणूनच भरवसा संस्थेवर न ठेवता खडकावर ठेवावा, असा विचार पुढे आला. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो येथे जमिनीखाली 400 मीटरहून अधिक खोल, अत्यंत जुन्या खडकात ओन्कालो हे भांडार खोदण्यात आले आहे. वापरलेले इंधन तांब्याच्या जाड पिंपांत बंद करून, भोवती पाणी अडवणाऱ्या मातीचा थर देऊन कायमचे पुरायचे, अशी ही योजना आहे. तेथील नगरपालिकेला हा प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार होता आणि तिने होकार दिला, हा तपशील मला अभियांत्रिकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत याउलट नेवाडा राज्याच्या तीव्र विरोधामुळे युक्का माउंटनचे नियोजित भांडार रखडले, आणि वापरलेले इंधन आजही देशभरातील केंद्रांच्या आवारात टाक्यांत आणि पिंपांत पडून आहे.

प्रश्न : एक तज्ज्ञ म्हणतात, अणुऊर्जेशिवाय हवामानबदल रोखता येणार नाही, दुसरे म्हणतात, ती महाग आणि उशिरा येणारी आहे. सामान्य वाचकाने विश्वास कोणावर ठेवावा?

दोघांवरही ठेवता येतो, कारण दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. पहिले तज्ज्ञ धुराविषयी बोलत आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञमंडळाच्या 2014 च्या अहवालानुसार, खाणकामापासून केंद्र मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब धरल्यास अणुविजेच्या एका युनिटमागे सुमारे 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, आणि कोळशाच्या विजेमागे सुमारे 820 ग्रॅम. पवनऊर्जा अणुऊर्जेच्याच पंगतीत बसते. शिवाय वारा पडला किंवा सूर्य मावळला तरी अणुकेंद्र चालू असते.

दुसरे तज्ज्ञ बांधकामाविषयी बोलत आहेत, आणि माझ्या मते आजच्या वादाचे मर्म तेथेच आहे. अणुविजेच्या खर्चात इंधनाचा वाटा थोडा असतो. मोठा वाटा असतो तो उभारणीचा आणि तोवरच्या कर्जावरील व्याजाचा. त्यामुळे येथे उशीर म्हणजे नुसती गैरसोय नसते, तो विजेच्या दरातच जाऊन बसतो. फिनलंडमधील ओल्किलुओतोच्या तिसऱ्या भट्टीचे काम 2005 मध्ये सुरू झाले. ती 2009 मध्ये चालू व्हायची होती, नियमित वीज मिळू लागली ती 2023 मध्ये. फ्रान्समधील फ्लामानव्हिलची भट्टी 2012 ऐवजी 2024 च्या अखेरीस विद्युतजालाला जोडली गेली आणि सुरुवातीचा सुमारे 3.3 अब्ज युरोंचा अंदाज 13 अब्जांच्या पुढे गेला. अमेरिकेतील व्होगल येथील दोन नव्या भट्ट्यांचा खर्च 30 अब्ज डॉलरच्या वर गेला.

यावरून उशीर हा अणुऊर्जेचा स्वभावच आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल रखडले, त्याच फ्रान्सने तेलसंकटानंतर 1974 मध्ये ठरवून सुमारे दोन दशकांत पन्नासहून अधिक भट्ट्या उभारल्या. मोजके आराखडे पुनःपुन्हा वापरले, कामगार आणि कारखाने एका कामावरून दुसऱ्या कामावर जात राहिले, आणि खर्चाची जोखीम सरकारने उचलली. ही साखळी एकदा तुटली की पुढच्या पिढीला वेल्डिंगपासून सगळे नव्याने शिकावे लागते, आणि त्या शिकवणीची किंमत पहिल्याच भट्टीच्या माथी पडते.

म्हणून 'अणुऊर्जा हवी की नको' असा एकच प्रश्न न करता त्याचे दोन भाग करावेत. चालू असलेली सुरक्षित भट्टी चालू ठेवणे हा कार्बन कमी ठेवण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग आहे, कारण तिच्या उभारणीचा खर्च होऊन गेलेला असतो. नव्या भट्टीच्या बाबतीत मात्र तोच पैसा आणि तीच दहा-पंधरा वर्षे सौर, पवन, विजेची साठवण आणि वीजवाहिन्यांवर खर्च केली तर काय मिळेल, हे प्रत्येक वेळी नव्याने मांडून पाहावे लागते. सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांच्या किमती ज्या वेगाने घसरल्या, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचे उत्तर आज लागू पडेलच असे नाही.

प्रश्न : छोट्या अणुभट्ट्यांमुळे हा खर्चाचा प्रश्न सुटेल का?

आशा तीच आहे. 300 मेगावॉटपर्यंतच्या भट्टीचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडायचे, म्हणजे वेळ वाचेल, अशी कल्पना आहे. रशियाचे 'अकादेमिक लोमोनोसोव्ह' हे तरंगते केंद्र 2020 पासून पेवेक बंदराला वीज पुरवत आहे. पण भट्टी लहान केली की दर मेगावॉटमागचा खर्च वाढतो. तो खाली आणायचा तर एकाच नमुन्याच्या पुष्कळ भट्ट्यांची मागणी आधी हवी, आणि खर्च खाली आल्याशिवाय मागणी येत नाही. अमेरिकेत युटा राज्यातील वीजसंस्थांसाठी आखलेला असा प्रकल्प नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला, तो विजेचा अंदाजित दर वाढल्यामुळे आणि पुरेसे ग्राहक न मिळाल्यामुळे.

प्रश्न : जर्मनीने भट्ट्या बंद केल्या, हे शहाणपणाचे होते का?

वर दिलेल्या कसोटीनुसार माझे उत्तर 'नाही' असे आहे. 15 एप्रिल 2023 रोजी शेवटच्या तीन भट्ट्या बंद झाल्या, तेव्हा त्या चालण्याजोग्या होत्या आणि त्याच देशात कोळशाची केंद्रेही चालू होती. जर्मनीत पवन आणि सौर वीज झपाट्याने वाढली हे खरे. पण त्या वाढीतला काही भाग अणुविजेची जागा भरण्यात गेला, तो कोळशाची जागा घेऊ शकला असता. जर्मनीने नव्या भट्ट्या बांधायला नकार दिला असता, तर मी हेच उत्तर इतक्या ठामपणे दिले नसते.