तडा गेलेली तबकडी सोडू नका

तुमचा प्रश्न : "परदेशात लोक थ्रिफ्ट शॉपमधून एक-दोन डॉलरला जुन्या रेकॉर्ड उचलतात. तसं पुण्या-मुंबईत कुठे जमेल? आणि चरे पडलेल्या, तडा गेलेल्या रेकॉर्ड घ्याव्यात का?"

"कुठे" याचं उत्तर इथे दहा जण देतील. मी लिहायला बसलोय ते "घ्याव्यात का" यासाठी. तरी आधी पहिला भाग उरकतो.

थ्रिफ्ट शॉप, म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात विकणारं दुकान, हा प्रकार आपल्याकडे फारसा नाही. आपल्याकडे पुण्यात जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार आहे. तिथल्या मटण स्ट्रीटवर रेकॉर्डची पक्की दुकानं आहेत, पण दुकानदाराला भाव पाठ असतात, स्वस्त काही मिळत नाही. शुक्रवारी ती दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावरच माल मांडतात. स्वस्ताई हवी असेल तर शुक्रवारी उजाडायच्या आत पोचा. आणि या दोन्हींपेक्षा चांगली जागा म्हणजे तुमच्या घराजवळचा रद्दीवाला. पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहतायत, सामान हलवताना सगळ्यात आधी रेकॉर्ड बाहेर निघतात, कारण वाजवायचं यंत्र केव्हाच बिघडलेलं असतं. रद्दीवाल्याला आपला फोन नंबर देऊन ठेवा, "काळ्या तबकड्या आल्या तर मला आधी सांग" म्हणा. माझ्याकडच्या निम्म्या अशाच आल्यात.

आता तडा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तरुणपणी सांगली-मिरज भागात तबल्याची साथ करायचे. आधी एका नाटक कंपनीत होते, पुढे कंपनी बंद पडल्यावर शाळेत कारकून झाले. १९४९ साली एका गायिकेबरोबर ते मुंबईला गेले आणि तिच्या एका रेकॉर्डवर त्यांनी तबला वाजवला. एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला अभंग. बिदागी पंधरा रुपये आणि गाडीभाडं. त्या रेकॉर्डची प्रत त्यांना मिळाली नाही. साथीदाराला प्रत द्यायची असते असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. साथीदारांची नावंही बहुतेक लेबलांवर छापत नसत, गायकाचं नाव आणि गाण्याचे शब्द छापले की झालं.

त्यामुळे घरात "माझी एक प्लेट आहे" असं अण्णा म्हणाले की थोरले काका ठरलेलं वाक्य बोलायचे, "नाव कुठंय तुझं त्याच्यावर?" जेवणाच्या पंगतीत, लग्नात, पाहुण्यांसमोर. मी लहानपणापासून ते ऐकत आलो. अण्णा उलट बोलायचे नाहीत. फक्त एकदा त्यांनी मला एकट्याला खूण सांगितली होती. तेव्हा टेप नव्हती, सगळं थेट कोऱ्या थाळीवर कापलं जायचं. एक चूक झाली की थाळी बाद, पुन्हा पहिल्यापासून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यापुढे जागा नाही. वेळ संपत आली की समोर लाल दिवा लागायचा. अभंगाच्या वेळी बाई शेवटच्या ओळीत रंगल्या आणि दिवा लागला. त्यांनी ओळ आवरती घेतली, आणि ठरलेली तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं) बसणार नाही हे कळताच अण्णांनी आयत्या वेळी ती अर्धी करून समेवर आणून सोडली. त्यांच्या शब्दांत, "धापा टाकत आलेली तिहाई". बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वाचवलंस रे मुला." ही खूण ज्याला माहीत आहे त्याने ती प्लेट ऐकली की संपलं. नाव छापलेलं असो वा नसो.

२००६ च्या मे महिन्यात, रविवारी, मी जुन्या बाजारात ती प्लेट हातात घेतली होती.

पथारीवर बिजागऱ्या, नळ, कुलपं, फुटकी गॅसबत्ती, आणि त्यांच्यामध्ये गोणपाटावर तीसेक तबकड्यांची चळत. पाकिटं नव्हती, एकावर एक नुसत्या ठेवलेल्या. वरून नववी की दहावी. गायिकेचं नाव, खाली भावगीताचे शब्द. उलटी केली, तर अभंगाचे शब्द. माझे हात थरथरायला लागले हे आजही आठवतं. आणि काठापासून आत एक तडा. केसाएवढाच, पण दोन्ही बाजूंनी दिसणारा. बाजारवाला म्हणाला, "चाळीस द्या."

माझ्याबरोबर एक मित्र होता. नाव लिहीत नाही. पुण्यातल्या संग्राहकांत त्याला मान आहे, तेव्हाच त्याच्याकडे हजारावर तबकड्या होत्या आणि माझ्याकडे जेमतेम चाळीस. मी त्याला गुरू मानायचो. त्याने प्लेट माझ्या हातातून घेतली, उन्हात तिरकी धरून बघितली आणि परत चळतीवर ठेवली. "तडा गेलेली घेऊन घरात भंगार का भरतोस? सुई खराब करशील. महिन्याभरात तुला स्वच्छ कॉपी काढून देतो." मी ऐकलं. चाळीस रुपये माझ्या खिशात होते आणि मी ते दिले नाहीत.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मला वाटलं रागावतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी एकच विचारलं, "तडा लेबलापर्यंत गेला होता का?"

मी म्हटलं, नाही, काठापासून आत दीड इंच असेल.

"मग शेवट नीट वाजला असता," ते म्हणाले.

हे मला, रेकॉर्ड जमवणाऱ्याला, सुचलं नव्हतं. माझ्या त्या तज्ज्ञ मित्रालाही नाही. तबकडी काठाकडून आत वाजते. दहा इंची तबकडीवर रेघांचा, म्हणजे गाणं कोरलेल्या भागाचा, पट्टा जेमतेम तीन इंचांचा असतो. दीड इंच तडा म्हणजे पहिल्या निम्म्या भागात प्रत्येक फेऱ्याला एक "टक्", मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा, कारण या जुन्या तबकड्या तेवढेच फेरे फिरतात. त्रास होतोच, नाही म्हणत नाही. पण पुढचा निम्मा भाग स्वच्छ. आणि तिहाई असते अगदी शेवटी, लेबलाजवळ. जे ऐकायचं होतं ते तडा गेलेल्या त्याच प्लेटवर शाबूत होतं.

बुधवारी मी ऑफिसला दांडी मारून गेलो. तो बाजारवाला नव्हता. पुढच्या रविवारी भेटला. "दादा, ती चळत गेली. हॉटेलच्या भिंतीला लावायला एक जण सगळी उचलून घेऊन गेला." कुठलं हॉटेल ते त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी पुण्यात जिथे जिथे भिंतीवर रेकॉर्ड दिसली तिथे मान वर करून लेबलं वाचत फिरलो.

अण्णा २००९ मध्ये गेले. महिन्याभरात मिळणारी स्वच्छ कॉपी आजतागायत आलेली नाही.

म्हणून या विषयावर माझं मत अगदी साधं आहे : लाखेची तबकडी (एलपीच्या आधीची, जड आणि ठिसूळ) तडा गेली म्हणून सोडणारा माणूस संगीत जमवत नाही, चकचकीत वस्तू जमवतो. जी मंडळी तुम्हाला "कंडिशन फर्स्ट", म्हणजे आधी तबकडीची अवस्था बघा, असं सांगतात ती विसरतात की या प्लेटी कुणी तिजोरीत ठेवलेल्या नव्हत्या. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हापासून लाखेच्या तबकड्यांचा काळ संपेपर्यंत हजारो लोक गायले, आणि त्यातले मोठे पाच-पन्नास सोडले तर बाकी बहुतेकांचं पुन्हा काही निघालं नाही. बालगंधर्व तुम्हाला कॅसेटवर मिळतील, सीडीवर मिळतील, फोनवर मिळतील. पण दोन प्लेटी गाऊन लग्न झाल्यावर गाणं सोडलेली बाई, गावोगाव हिंडणारा कीर्तनकार, नकला करणारा, सनईवाला, हे सगळे फक्त त्या पथारीवर आहेत. तिथे स्वच्छ प्रतीची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात आहे तीच कदाचित शेवटची असेल.

त्या मित्राशी चार वर्षांपूर्वी हाच वाद पुन्हा झाला. तो म्हणाला, "ती काही एवढी महत्त्वाची गायिका नव्हती." मी त्याला विचारलं, कुणासाठी? त्यावर त्याने उत्तर दिलं नाही, मला त्याच्याकडची नवी आलेली, पाकिटासकट असलेली प्लेट दाखवायला घेतली. मी उठून आलो.

तेव्हा बाजारात गेलात तर असं करा. लाखेची तबकडी एका बोटावर मधल्या भोकात तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर हलकी टिचकी मारा. माठ घेताना वाजवून बघतो तसंच. खणखणीत वाजली तर धड आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी. तडा सापडला की तो किती आत गेलाय ते बोटाने मोजा आणि भाव पाडायला वापरा, प्लेट सोडायला नाही. लेबलावरचं नाव ओळखीचं नसेल तर आधी घ्या. लेबल आणि रेघा यांच्यामधल्या गुळगुळीत जागेत नंबर कोरलेला असतो तो टिपून घ्या, लेबल फाटलं असलं तरी त्यावरून शोध लागू शकतो. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था या नोंदींचं काम करत आली आहे. त्यांच्या "द रेकॉर्ड न्यूज" या नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर वाचा, निम्मं शिक्षण तिथे होईल.

घरी आणल्यावर स्पिरिटने पुसू नका. हे ओरडून सांगावंसं वाटतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका शेजाऱ्यांनी आजोबांच्या अकरा प्लेटी औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने "स्वच्छ" केल्या, त्या आता नुसत्या काळ्या थाळ्या आहेत. थंड पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, आणि लगेच पुसून उभ्या ठेवायच्या. आडव्या चळतीत ठेवल्या की खालच्या फुटतात. एलपीची (नंतर आलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्डची) सुई लावू नका. लाखेच्या, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या रेघेसाठी तिच्या साधारण तिप्पट रुंद सुई लागते, बारीक सुई तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. मग लोक म्हणतात प्लेट खराब आहे. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी पिन दर बाजूला बदला. पिन महाग नाहीत, गाणं दुसरं मिळत नाही.

एलपी आणि ईपीबद्दल (ईपी म्हणजे तशीच, पण छोटी रेकॉर्ड) तुम्ही विचारलंच असेल तर थोडक्यात : डोळ्यांच्या रेषेत धरून वाकडी आहे का बघा, पाकिटात तीच रेकॉर्ड आहे का बघा (निम्म्या वेळा नसते), पांढरे ठिपके असतील तर ती पावसाळ्यातली बुरशी, धुऊन बरीचशी जाते. गेल्या दिवाळीच्या आधी मी मराठी नाट्यगीतांच्या तीन एलपी रद्दीवाल्याकडून दोनशे रुपयांत घेतल्या, त्यातली एक बुरशीने पांढरी झालेली होती, आता छान वाजते.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. काठाचा तुकडाच उडालेला असेल, म्हणजे नुसता तडा नाही तर खाच असेल, तर ती प्लेट चांगल्या सुईने वाजवू नका. सुई अडकून मोडते, इतपत माझ्या मित्राचं म्हणणं बरोबर होतं. तडा गेलेली प्लेट पुन्हा पुन्हा वाजवू नका, तो वाढतो. एकदाच वाजवा आणि त्याच वेळी रेकॉर्ड करून ठेवा, टकटक नंतर संगणकावर काढता येते. आणि हे सगळं मी लाखेच्या, दुर्मीळ प्लेटींबद्दल बोलतोय. गाजलेल्या हिंदी सिनेमाची एलपी चरे पडलेली असेल तर खुशाल सोडा, दुसरी मिळेल. तिथे कंडिशन बघा, भाव करा, वाटलं तर रिकाम्या हाताने परत या.

शेवटी एक विनंती. त्या गायिकेचं नाव आणि तबकडीचा नंबर मी इथे उघड लिहीत नाही. मागे एकदा लिहिला तेव्हा तिघांनी "आहे" म्हणून आगाऊ पैसे मागितले आणि भलत्याच प्लेटी पाठवल्या. पण तुम्ही बाजारात फिरणारच आहात. दहा इंची, एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला अभंग, बाईचा आवाज, आणि अभंगाच्या अगदी शेवटी तबल्यावर घाईघाईने समेवर आलेली अर्धी तिहाई, असं काही कानावर पडलं तर मला निरोप पाठवा. नंबर मी पडताळून सांगतो. माझे थोरले काका अजून आहेत, नव्वदी ओलांडलेले, ऐकू नीट येतं. प्लेट तडा गेलेली असली तरी चालेल.