ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणजे नक्की काय

पिल्लू,

काल तू फोनवर विचारलंस तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते, नंतर सांगते म्हटलं आणि राहूनच गेलं. म्हणून आता लिहिते. तुझं म्हणणं असं की नगरची आजी सारखी म्हणायची ना, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे', मग हॉस्टेल कमिटीची प्रेसिडेंट झाल्यावर आधीच्या प्रेसिडेंटचा तो लांबलचक ईमेल वाचायचाच कशाला, शेवटी मनाचंच करायचंय तर. आणि वर म्हणालीस की मराठी लोक एकीकडे मोठ्यांना विचारून कर म्हणतात आणि दुसरीकडे हे, काहीतरी एक ठरवा बाबा.

हसले मी. पण ही म्हण तुझ्या अर्थाने तंतोतंत पाळणारा एक माणूस आपल्या बायबलमध्येच आहे आणि त्याचं पार वाटोळं झालं. रहबाम, इस्राएलच्या शलमोन राजाचा मुलगा. चर्चच्या शब्बाथ शाळेत तू त्याचं चित्र रंगवलं होतंस, मुकुट जांभळा केला होतास.

शलमोनाने एवढं मोठं मंदिर बांधलं ते लोकांना वेठीला धरून. लेबनानातून लाकडं आणायला 30,000 माणसं, महिन्याला 10,000 ची पाळी, एक महिना तिकडे आणि दोन महिने घरी. तो गेल्यावर लोक शखेम गावी जमले आणि नव्या राजाला म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवलं, ते जरा हलकं कर, आम्ही तुझेच. बास, एवढंच मागणं. रहबाम म्हणाला तीन दिवसांनी या. इथपर्यंत पोरगा शहाणाच वाटतो (पोरगा म्हणजे, 41 वर्षांचा होता बरं का).

मग त्याने बापाच्या दरबारातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आज तू यांचा सेवक हो, चार शब्द गोड बोल, हे जन्मभर तुझे सेवक होतील. मग सोबत वाढलेल्या मित्रांना विचारलं. ते म्हणाले, सांग त्यांना, माझी करंगळी माझ्या बापाच्या कंबरेपेक्षा जाड आहे, त्याने तुम्हाला आसुडांनी मारलं, मी विंचवांनी मारीन.

आता एक बारीक गोष्ट बघ, बायबलमधलं १ राजे, अध्याय 12 उघडून. म्हाताऱ्यांना विचारताना तो म्हणतो, या लोकांना काय उत्तर द्यावं. मित्रांना विचारताना म्हणतो, *आपण* काय उत्तर द्यायचं. त्या एका 'आपण'मध्ये सगळं आलं. आणि मित्रांना विचारायच्या आधीच लिहिलंय की त्याने वडीलधाऱ्यांची मसलत टाकून दिली. म्हणजे ठरलेलं होतंच, विचारणं नुसतं दाखवायला.

तिसऱ्या दिवशी त्याने ते विंचवांचं वाक्य जसंच्या तसं बोलून दाखवलं. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा वंश उठून गेले, राज्यच फुटलं. त्यावर कहर म्हणजे समजूत घालायला की वसुलीला कोण जाणे, पाठवलं कोणाला, तर वेठीवरच्या मुकादमालाच, अदोरामला. लोकांनी दगडांनी मारलं त्याला. राजा कसाबसा रथात चढून यरुशलेमला पळाला.

मी हे एवढं चवीने सांगतेय कारण मी पण हेच केलंय. आपल्या चर्चच्या फेलोशिपच्या नाताळच्या जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती ते वर्ष आठवतं का, तू तेव्हा चौथीत. मी सगळ्यांना फोन केले, हॉल कुठला घ्यावा, काय वाटतं तुम्हाला. एक मावशी म्हणाल्या, अगं तळघरातला नको, पायऱ्या आहेत, डिसेंबरात बर्फ असतो. मी हो हो म्हटलं. डिपॉझिट आदल्या दिवशीच भरून झालं होतं माझं. त्या संध्याकाळी एक आजोबा अकरा पायऱ्यांकडे बघून परत गाडीत जाऊन बसले आणि त्यांच्या सुनेने पेपर प्लेटमध्ये बिर्याणी वर नेऊन दिली, फॉइल लावून. कोणी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता आजीचं. तिने घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरवायच्या आधी गवंड्याला विचारलं, दोन्ही दिरांना विचारलं, ज्या जाऊबाईशी बोलणं बंद होतं तिच्याकडे पण चहाला जाऊन आली. मग दोन दिवस गप्प. आणि शेवटी केलं ते दिरांच्या अगदी उलट, पण दिरांचं म्हणणं काय आणि ते का नको हे ती त्यांच्यापेक्षा चांगलं सांगू शकत होती. तिच्या म्हणीतलं 'ऐकावे' एवढं मोठं होतं गं, आपण फक्त शेवटचे दोन शब्द उचलतो.

आणि हो, रहबामची गोष्ट पळाल्यावर संपत नाही, शाळेत तेवढीच सांगतात. पुढे त्याने त्या दहा वंशांशी लढायला 1,80,000 माणसं गोळा केली तेव्हा शमाया नावाचा देवाचा माणूस आला आणि म्हणाला, भावांशी लढू नका, घरी जा. आणि या वेळी ऐकलं त्याने, सगळे गेले घरी. राज्य काही परत आलं नाही, पण लढाई टळली.

त्या मुलीचा ईमेल वाचलास की मला पण फॉरवर्ड कर, लाँड्रीच्या भांडणाबद्दल तिने काय लिहिलंय ते मलाच बघायचंय. शनिवारी पप्पा चकलीचं पार्सल टाकतायत.

तुझी,
मम्मी